मातीवांचून अळू

झाडांस संस्कृतांत जीं अनेक नांवें आहेत, त्यांत 'पादप' हें आम्हांस नेहमींच विशेष अर्थपूर्ण वाटत आलें आहे. पायांनीं पितो तो पादप. वर्गांत हा शब्द आला म्हणजे मुलें हंसत. आणि हंसणें ओसरल्यावर आम्ही त्यांस सांगत असूं कीं, महाभारताच्या शांतिपर्वांत भृगु आणि भरद्वाज यांचा जो संवाद आहे, त्यांत वृक्षांस जीव आहे हें सिद्ध करितांना त्यांच्या या पायांनीं पिण्याचाहि दाखला दिलेला आहे. मात्र हा पादप पाण्याबरोबर आणखी काय पितो, आणि त्यास माती कशाकरितां हवी, हें आम्हांस कोणी विचारलें नाहीं. विचारलें असतें तर 'माती हें झाडाचें अन्न' असें उत्तर आम्हीं बेधडक दिलें असतें. सेवानिवृत्तीनंतर तिसऱ्या मजल्यावरील एका गॅलरींत या उत्तराची परीक्षा देण्याचा प्रसंग आला, आणि पहिल्या खेपेस आम्ही साफ नापास झालों. ती हकीकत येथें सांगावयाची आहे.

आमचा पुण्यांतील जुना वाडा इ. स. २०१९ सालीं पाडण्यांत आला. त्या जागीं इमारत उभी राहिली आणि आमच्या एकत्र कुटुंबास तींत लागून असलेले दोन फ्लॅट मिळाले. सोय झाली हें नाकबूल करण्याचें कारण नाहीं. छत गळत नाहीं, पाणी चढवावें लागत नाहीं, आणि थोरांस जिने चढण्याचा त्रास नाहीं. परंतु वाड्याच्या मागील अंगणांत आमच्या थोरल्या वहिनींचें जें राज्य होतें तें खालसा झालें. तेथें पारिजातक होता, गवती चहा होता, वृंदावन होतें, आणि न्हाणीघराच्या मोरीचें पाणी जेथून वाहत जाई तेथें अळूचें बन माजलेलें असे. श्राद्धपक्षास, लग्नकार्यास, शेजारच्या दहा घरांस अळू जावयाचा तो येथून. आमचे बंधु वारले, त्यांचे दिवस आटोपल्यावर दुसऱ्या सकाळीं वहिनी कोणाशीं कांहीं न बोलतां त्या अळवांत जाऊन पिवळीं पानें काढीत बसल्या होत्या. वाडा पाडण्याच्या आदल्या दिवशीं त्यांनीं वृंदावनांतील ओंजळभर माती एका पितळी डब्यांत भरून घेतली. नव्या घरांत आल्यावर त्यांचें बोलणें कमी झालें, पुढें जेवण कमी झालें. डॉक्टरांनीं तपासून प्रकृतींत कांहीं दोष नाहीं असें सांगितलें. दोष प्रकृतींत नव्हता हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें.

गॅलरींत कुंड्या मांडण्याचा प्रयत्न झाला नाहीं असें नाहीं. पण कुंडींतील गढूळ पाणी खालच्या मजल्यावरील वाळत घातलेल्या धोतरांवर पडूं लागलें. तेथील गृहस्थांनीं आधीं सौम्यपणें आणि मग लेखी तक्रार केली, आणि सोसायटीनें गॅलरींत मातीच्या कुंड्या ठेवूं नयेत असा ठराव केला. खालचे गृहस्थ चुकले असें आम्ही म्हणणार नाहीं. धोतर आमचें असतें तर आम्हींहि तेंच केलें असतें. देवघराजवळच्या खिडकींत तुळशीची एक लहानशी कुंडी तेवढी राहिली.

अशा वेळीं आठवींत शिकणाऱ्या आमच्या नातवानें मातीवांचून, नुसत्या पाण्यांत भाजी करण्याची विद्या घरांत आणिली. या विद्येचें नांव हायड्रोपॉनिक्स. शब्द ग्रीक घटकांचा आहे. पूर्वपदाचा अर्थ जल आणि उत्तरपदाचा अर्थ श्रम. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील गेरिक यांनीं तो इ. स. १९३७ मध्यें प्रचारांत आणिला. त्यांस तो सुचविला त्याच विद्यापीठांतील सेट्चेल नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें. शब्दाची फोड समजल्यावर आम्हांस त्याविषयीं थोडी आपुलकी वाटूं लागली. मास्तरांचा स्वभाव असा कीं, वस्तूपेक्षां तिच्या व्युत्पत्तीवर आधीं विश्वास बसावयाचा. (बाबिलोन येथील झुलत्या बागा याच पद्धतीच्या होत्या, असें कांहीं हौशी लेखक सांगतात. त्यास पुरावा नाहीं, सबब तें सोडून द्यावें.)

खरा इतिहास त्याहून मनोरंजक आहे. ब्रुसेल्सचे वैद्य व्हान हेल्मॉण्ट यांनीं दोनशें पौंड वाळविलेली माती एका भांड्यांत घालून तींत पांच पौंड वजनाची वाळुंजाची काठी लाविली. पांच वर्षें तिला केवळ पाणी घातलें. शेवटीं झाड भरलें एकशें एकुणसत्तर पौंड आणि वर सुमारें तीन औंस. आणि माती पुन्हां वाळवून तोलली तों ती घटली होती अवघी दोनेक औंस! त्यांच्या मृत्यूनंतर इ. स. १६४८ मध्यें हा प्रयोग प्रसिद्ध झाला. झाड सारें पाण्याचेंच बनलें आहे, असा निष्कर्ष त्यांनीं काढला होता. तो चुकला, कारण झाड हवेंतूनहि आपलें शरीर घडवितें हें तेव्हां कोणास माहीत नव्हतें, आणि ते दोन औंस त्यांनीं हिशेबांतील चूक म्हणून सोडून दिले. सारी मेख त्या दोन औंसांतच होती. पुढें इ. स. १६९९ मध्यें वुडवर्ड नांवाच्या इंग्रजानें पुदिन्याचीं रोपें पावसाच्या पाण्यांत, थेम्स नदीच्या पाण्यांत व बागेंतील माती कालविलेल्या पाण्यांत वाढवून पाहिलीं. गढूळ पाण्यांतील पुदिना सर्वांत जोमानें वाढला. म्हणजे मातींतून पाण्यांत कांहींतरी उतरतें, तें झाडास हवें असतें. इ. स. १८६० च्या सुमारास झाक्स व क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनीं तें 'कांहींतरी' काय, हें शोधून त्याचे क्षार मोजून पाण्यांत विरघळविले आणि मातीचा कणहि नसतां रोपें वाढवून दाखविलीं. नत्र, स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम, गंधक हीं सहा द्रव्यें अधिक प्रमाणांत. लोह, मंगल, जस्त, तांबें इत्यादि आठ अत्यल्प प्रमाणांत. इतकें मिळालें म्हणजे खनिजांपुरतें झाडाचें पोट भरलें. माती हें त्याचें कोठार आहे आणि उभें राहण्याचें ठिकाण आहे, अन्न नव्हे.

आपल्या देशांत या पद्धतीचा उद्योग दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, इ. स. १९४६ पासून, दार्जिलिंगजवळ कालिंपाँग येथें शोल्टो डग्लस यांनीं केला, आणि पंप व यंत्रें यांवांचून गरिबासहि जमावी अशी रीत बसवून तिला बंगाल पद्धति हें नांव दिलें. हें वाचून आमचा संकोच पुष्कळ गेला. कालिंपाँगला जें झालें तें पुण्यास कां होऊं नये?

आतां आमची कृति. झांकणाचा वीस लिटरांचा एक डबा घेतला. झांकणास तापविलेल्या सळईनें चार भोंकें पाडलीं आणि त्यांत दह्याचे प्लॅस्टिकचे पेले, बुडाला व बाजूंस छिद्रें पाडून, अडकविले. पेल्यांत नारळाच्या काथ्याचा धुतलेला भुसा. रोपें आधीं स्पंजाच्या ओल्या तुकड्यांवर रुजविलीं आणि दोन-अडीच आठवड्यांचीं झाल्यावर पेल्यांत बसविलीं. डब्यास बाहेरून काळा कागद लावावा लागतो. प्रकाश आंत गेला कीं पाणी शेवाळानें हिरवें होतें आणि रोपाच्या वांट्याचें अन्न शेवाळ खातें. सूनबाईंनीं डासांचा प्रश्न उपस्थित केला आणि तो अगदीं योग्य होता. डेंग्यूचा डास अशाच सांठलेल्या स्वच्छ पाण्यांत अंडीं घालतो. त्यासाठीं पेल्यांभोंवतीं फट राहूं दिली नाहीं आणि झांकणाखालीं मलमलीचें कापड ताणून बांधलें.

अन्नद्रव्यें बाजारांत दोन निरनिराळ्या पुड्यांत मिळतात. त्या दोन कां, एक कां नाहीं, ही शंका न विचारतां आम्हीं दोन्ही पुड्या वेळ वांचविण्याकरितां एकाच तांब्यांत कालविल्या. पाहतां पाहतां तळाशीं पांढरा सांका बसला. एका पुडींत चुन्याचा क्षार असतो आणि दुसरींत गंधकाचे व स्फुरदाचे. थोड्या पाण्यांत ते एकमेकांस भेटले कीं जिप्समासारखा न विरघळणारा गाळ होऊन बसतो आणि रोपास त्याचा उपयोग उरत नाहीं. डबाभर पाण्यांत आधीं एक पुडी पूर्ण विरघळवावी, मग दुसरी घालावी, म्हणजे हा अनर्थ टळतो. ती जोडी फुकट गेली. पाण्याचा आम्लपणाहि पाहावा लागतो. कागदाच्या पट्टीवर पीएच ५.५ ते ६.५ यांमध्यें असावा. आमच्या नळाचें पाणी त्याहून वर होतें. लिंबाच्या रसानें तो अंक उतरतो, पण दोन-तीन दिवसांत पुन्हां चढतो; म्हणून दुकानांत मिळणाराच द्रव आणावा हें बरें.

चैत्र संपतांना चार रोपें लागलीं. नातवाच्या आग्रहास्तव दोन सॅलडचीं व दोन पालकाचीं. येथून पुढचा भाग सांगतांना लेखणी अडखळते.

नातवानें जी पद्धत निवडली होती तिचे प्रवर्तक हवाई बेटांतील विद्यापीठाचे क्रात्की. तींत पंप नाहीं, वीज नाहीं. पाणी एकदां भरावयाचें तें पेल्याच्या बुडास जेमतेम लागेल इतकें, आणि मग हात लावावयाचा नाहीं. रोप पाणी पितें, पातळी खालीं जाते, झांकण व पाणी यांमध्यें मोकळी जागा वाढत जाते. सॅलडच्या एका रोपास आयुष्यभरांत सुमारें चार लिटर पुरतात. नातवानें हें आम्हांस दोनदां वाचून दाखविलें. आम्हीं त्यास गप्प बसविलें. उन्हाळ्याच्या दिवसांत रोपास पाणी घालूं नये, असें कोणतें शास्त्र सांगतें? वैशाखाचें ऊन, पश्चिमेची गॅलरी. आम्ही रोज सकाळीं संध्या झाल्यावर तांब्या घेऊन जात असूं आणि डबा कांठोकांठ भरून ठेवीत असूं. वृक्षास जल देण्याचें पुण्य केवढें, याविषयीं मुलास दोन शब्दहि सांगत असूं. तो ऐकून घेई.

दहा-बारा दिवस रोपें छान वाढलीं. मग एका दुपारीं पानें लोंबूं लागलीं. आम्हांस वाटलें उन्हानें सुकलीं. संध्याकाळींहि तांब्या सुरू केला. पाण्यांत उभीं असलेलीं रोपें तहानेल्यासारखीं मान टाकतात, हा चमत्कार पाहून आम्ही गोंधळलों. पण चूक आपली असेल ही शंका आली नाहीं. पुडी वाईट, बीं वाईट, सारी विद्याच परदेशी, इतकें सर्व सुचलें. चौथ्या दिवशीं चारहि गेलीं. आम्हीं तीं रात्रीं कागदांत गुंडाळून कचऱ्याच्या पेटींत नेऊन टाकलीं आणि सकाळीं घरांत सांगितलें कीं, हवा मानवली नाहीं. नातू आमच्याकडे पाहत राहिला, पण बोलला नाहीं. त्याचें तें न बोलणें आम्हांस अजून विसरतां आलेलें नाहीं.

डबा ओतावयाचा राहिला होता. दुपारीं सर्व निजलीं असतां वहिनी गॅलरींत आल्या. त्यांनीं झांकण उचललें, वांकून वास घेतला, आणि पाण्यांत राहिलेला मुळांचा एक तुकडा बोटांत धरून चोळला. तो तपकिरी, बुळबुळीत झालेला होता व त्यास तुंबलेल्या मोरीची घाण येत होती. आम्ही खुर्चींत डोळे मिटून होतों, निजलों नव्हतों.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हीं उन्हानें नाहीं गेलीं. गुदमरून गेलीं."

"पण वहिनी, मीं पाणी रोज घालीत होतों."

"तेंच म्हणतें मी. कुंडीखालच्या बशींत पाणी सांचलें कीं तुळस जाते, हें ठाऊक नाहीं का तुम्हांला? तुम्ही त्यांना श्वास घेऊं दिला नाहींत."

कित्येक महिन्यांत त्या एका दमांत इतकें बोलल्या नव्हत्या.

त्यांचें निदान शब्दशः खरें होतें. मुळांनाहि प्राणवायु लागतो. पाण्यांत तो विरघळलेला असतो, पण फार थोडा. २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें नऊ मिलिग्रॅम, आणि ३० अंशांवर साडेसातच्या आसपास. म्हणजे वैशाखांत, जेव्हां मुळांची भूक अधिक, तेव्हांच पाण्यांतील हवा कमी. पातळी उतरूं दिली म्हणजे वरचीं मुळें मोकळ्या दमट जागेंत राहून हवा घेतात आणि खालचीं पाणी पितात. असा कामाचा वांटा एकदां पडल्यावर कोणी वरपर्यंत पाणी भरलें, तर हवा घेणारीं मुळें बुडून मरतात, कुजतात, आणि मग भरल्या डब्यांत रोप तहानेनें मरतें. आम्ही रोज सकाळीं पुण्य म्हणून जें करीत होतों तें हें होतें.

त्या संध्याकाळीं आम्हीं नातवास खरी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मला माहीत होतं, आजोबा." आणि लगेच, "पुन्हा लावूं या का?"

दुसऱ्या खेपेस डबा मोठ्या आजींच्या ताब्यांत गेला. त्यांनीं सॅलडास साफ नकार दिला. ज्येष्ठांत पहिला पाऊस झाल्यावर त्यांनीं मंडईंतून डोळा फुटलेले अळूचे दोन कांदे आणविले, आणि त्यांकरितां रुंद पेले पाडून घेतले. दुसऱ्या डब्यांत लाल माठ. अळूची निवड करण्यांत त्यांचें तर्कशास्त्र असें कीं, मोरीमागचा अळू तरी कोठें मातीवर जगत होता? जगत होता तो वाहत्या पाण्यावर. डबे पश्चिमेच्या उन्हांतून हलवून दारामागें पूर्वेस ठेवले. पाणी कमी झालें म्हणजे डब्याच्या निम्म्यापर्यंतच घालावयाचें, आणि पंधरा दिवसांनीं सगळें पाणी काढून नवें करावयाचें. काढलेलें पाणी खाली इमारतीच्या आवारांतील जास्वंदीस. दर सोमवारीं झांकण उघडून मुळें पाहावयाचीं: पांढरीं असलीं तर ठीक. या तपासणीस नातू व त्याची मोठी आजी दोघेंच बसत. आम्हांस बोलावणें नसे.

या विद्येची भलती स्तुति करावी असें मात्र आमच्या मनांत नाहीं. गेरिक यांच्याच विद्यापीठांतील होगलंड व आर्नन यांनीं इ. स. १९३८ मध्यें स्वच्छ लिहून ठेवलें आहे कीं, चांगल्या मातीपेक्षां पाण्यांत पीक जादूनें अधिक येत नाहीं. खर्चाचा हिशेब पाहतां मंडईंतील जुडी कितीतरी स्वस्त पडते. ज्यांस अंगण आहे त्यांनीं या भानगडींत पडूं नये, आणि अंगण राखावें.

श्रावणांत अळूचें पान तळहाताएवढें झालें. तेव्हां एक नवीनच प्रश्न निघाला. भाद्रपदांत गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं ऋषिपंचमी. त्या दिवशीं स्त्रिया बैलाच्या श्रमाचें खात नाहींत. वाड्यांत असतां वहिनींची ऋषींची भाजी अंगणांतील अळवाची होई. फ्लॅटमध्यें आल्यापासून अळू बाजारांतून आणावा लागे, तो कोणत्या शेतांतला, नांगर फिरलेला कीं नाहीं, याची खात्री नसे. म्हणून दोन वर्षें त्यांनीं त्या दिवशीं केवळ फळांवर भागविलें होतें. आतां त्या आम्हांस विचारूं लागल्या, हा डब्यांतला चालेल का? पुड्यांचें खत घातलेलें, मातीचा स्पर्श नाहीं. शास्त्र काय म्हणतें?

शास्त्र काय म्हणणार? आम्हीं त्यांस त्या ग्रीक शब्दाची फोड सांगितली. उत्तरपदाचा अर्थच श्रम. आणि पूर्वपदीं बैल नाहीं, पाणी आहे.

वहिनींनीं थोडा विचार केला. "मग ज्याचे श्रम आहेत त्याचें नांवच तसें ठेवलें आहे त्या लोकांनीं," त्या म्हणाल्या. "चालेल."

ऋषिपंचमीस पहाटे आघाड्याच्या काड्यांनीं दंतधावन व स्नान झाल्यावर त्यांनीं स्वतः विळीवर सहा पानें चिरलीं, देठ सोलले, माठाच्या दोन मुठी काढल्या. कालवें तेल-फोडणीवांचून शिजलें, चिंच पडली. घरांत तेरा माणसें. प्रत्येकाच्या वांट्यास डावभर आलें. अळू किंचित् खाजरा होता हें सत्य आहे, पण त्या दिवशीं कोणी तें बोलून दाखविलें नाहीं. वहिनींनीं दोनदां वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तो पितळी डबा काढला आणि वाड्याची माती देवघराजवळच्या तुळशींत घातली. तुळस पाण्यांत लावावयाची नाहीं, असें त्यांनीं नातवास बजावून ठेविलें आहे. तो आतां टोमॅटोची भाषा करितो. त्यांस डबा मोठा लागेल, आधार लागेल, पुड्यांचें प्रमाणहि निराळें, वगैरे दोघांची चर्चा चालू असते. कार्तिकांत मेथी व्हावी असें वहिनींचें म्हणणें आहे. गॅलरींत तांब्या घेऊन जाण्यास आम्हांस अद्याप मनाई आहे.